मॅडमचा दिवा

नायगावच्या ऑफिसात नेटवर्कवर नजर ठेवायला मी डॅशबोर्ड बनवला होता. त्यात राउटर, सर्व्हर आणि कोपऱ्यात आमच्या बॉस स्वप्ना मॅडमचा मूड दाखवणारा दिवा. शिपाई गॉडफ्रे त्यांना चहा देऊन आला की त्यांचा मूड सांगायचा, आणि त्यावरून मी दिव्याचा रंग ठरवायचो. हिरवा दिसला तरच आम्ही सुट्टी मागायचो.

मुख्य ऑफिसने डॅशबोर्ड मागितला. मी घाईत एक्सपोर्ट केला, पॅकेज बनवून पाठवला. मॅडमसकट.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच मी केबिनमध्ये शिरलो.

“विघ्नेश, मुख्य ऑफिसचा फोन होता. मी तीन महिने लाल आहे म्हणे. इंजिनिअर पाठवू का, विचारत होते.”

“सॉरी मॅडम, लगेच काढतो.”

“काढू नकोस. तिकडच्या माझ्या बॉसचा, पाटकर साहेबांचाही दिवा टाक. मला शुक्रवारी सुट्टी हवीय.”