वाऱ्याची पट्टी

केरबाच्या हाताला यश आहे, असं विट्याच्या त्या सूत रंगवायच्या कारखान्यात सगळेच म्हणत. म्हणायला काय जातंय? यश त्याच्या हाताला, पण पाण्याचा तांब्या वेगळा. फौजेच्या वर्कशॉपात नऊ वर्षं काढून आलेला हा वायरमन घरादारासह बौद्ध झाला होता, आणि देव्हाऱ्यातले देव त्याने स्वतःच्या हाताने येरळेत सोडले होते. ही गोष्ट कारखान्यात कोणी विसरलं नव्हतं.

कोयनेची वीज आली तशी मालकांनी सूत वाळवायची नवी सोय केली. एका खोलीत दांड्यांवर ओल्या लडी टांगायच्या. भिंतीपलीकडे मोठा पंखा. तो जाळीतून हवा ओढायचा, विजेवर तापलेल्या कॉइलींवरून ढकलायचा आणि पत्र्याच्या रुंद नळातून खोलीत सोडायचा. त्या नळात पत्र्याची एक लहानशी पट्टी होती. वारा जोरात असला की ती वर उचललेली राही. वारा मंदावला की खाली पडे आणि कॉइलींची वीज तोडे. एवढीशी पट्टी, पण सगळा जीव तिच्यावर होता.

सहासष्ट सालच्या खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन पुसून पुजली. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, आप्पासो याने पंख्याच्या जाळीवर हिरवा खण पसरला, वर झेंडूचे दोन जाडजूड हार बांधले. ज्याने त्याने आपापल्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. केरबाची पिशवी तशीच कोरी राहिली. मागच्या वर्षी यावरूनच आप्पासो मालकांपर्यंत गेला होता, आणि मालकांनी केरबाला बजावलं होतं, "पुन्हा तक्रार आली तर घरी बसायचं." घरात म्हातारी आई, बायको, आणि तालुक्यात असं काम दुसरीकडे कुठेच नाही.

दसऱ्याला सकाळी यंत्र सुरू झालं आणि दर पंधरा मिनिटांनी कॉइली बंद पडू लागल्या. केरबाने फ्यूज पाहिले, ठीक होते. टेस्ट लॅम्प लावून तिन्ही फेज पाहिल्या, वीज बरोबर येत होती. एकही कॉइल तुटलेली नव्हती. मग नळाचं झाकण उघडलं, तर पट्टी खाली पडलेली. तो वळसा घालून जाळीपाशी गेला आणि बघतच राहिला. पंख्याने खण ओढून जाळीला गच्च चिकटवला होता, हार त्यावर दाबले गेले होते, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत सुताची कुसं साचली होती. हवा आत जाणार कुठून?

"आप्पासो, खण काढाय लागतोय. वारा आत जाईना."

"आज? दसऱ्याला?" आप्पासोचा आवाज चढला. "बारा वाजता मालक पूजेला येनार, आन् तू देवीचा खण वढून काढनार? तुला देव न्हाई, आमाला हाय."

"मग तवर मशीन बंद ठिवू."

"दसऱ्याला बंद दिसलं तर वरीसभर बंद. फौजंत येवढं शिकलास, येक पट्टी सांबाळता यीना व्हय रं?"

लडी काढणारी राहीबाई दारात उभी राहून हे ऐकत होती. पन्नाशीची विधवा बाई. लेक मनुबाई तिच्याबरोबर याच खात्यात कामाला, तीही मागे दारातच होती. आप्पासो गेल्यावर ती हळूच जवळ आली.

"केरबा, मी काढू का खण? चुकून निगाला म्हनीन."

"नको मावशी. तुमाला बोल लागंल."

खरंच लागला असता. सणाच्या दिवशी विधवेने देवीच्या खणाला हात लावला म्हणून आप्पासोने तिची चारचौघांत शोभा केली असती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. केरबानेच हिला फूस लावली, असंही लोक म्हणाले असते, आणि त्याला त्याची भीती वाटली. राहीबाई मान हलवून आत गेली.

केरबाने तांब्याच्या बारीक तारेने पट्टी वर बांधून टाकली. मग नळाच्या पत्र्यावर तळहात ठेवून बसला. पत्रा चटका देऊ लागला की तो कॉइलींची वीज तोडी, जरा निवला की पुन्हा जोडी. पट्टीचं काम तो हाताने करत होता. बारा वाजेपर्यंत रेटायचं, मालक गेले की खण काढायचा, असा त्याचा हिशेब. तासभर तो असाच बसला आणि काही बिघडलं नाही.

साडेअकराला आप्पासो धावत आला. मालकांची जीप नाक्यावर पोचली होती आणि पूजेच्या मांडवातला लाउडस्पीकर मुका झाला होता. "चल गड्या, दोन मिन्टाचं काम हाय!"

केरबाचा हात कॉइलींच्या खटक्याकडे गेला. आप्पासो समोरच उभा होता. हात तसाच मागे आला, आणि कॉइली चालूच ठेवून तो मांडवाकडे गेला. इथे तो चुकला, आणि त्याची ही चूक कोणी त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

लाउडस्पीकर बोलायला लागला आणि त्याच वेळी वाळवण खोलीकडून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. केरबा पळत सुटला. कॉइली लालभडक झाल्या होत्या, कुसं पेटली होती, आणि पंखा इमानाने ठिणग्या कोरड्या सुतावर फेकत होता. त्याने मुख्य खटका ओढला, पंखा थांबला, पण आत सगळं भडकलेलं. मनुबाई पाटी घेऊन दाराशी होती म्हणून वाचली. राहीबाई पार पलीकडच्या दांडीपाशी होती. तिसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात तिने जीव सोडला.

चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर आले. टेबलावर कागदात ती तांब्याची तार ठेवली होती.

"मी बांदली, सायेब," केरबा म्हणाला. "जाळीवर खण हुता. वारा कोंडला हुता."

"खण?" आप्पासो म्हणाला. "त्यो तर नवमीच्या सांजंलाच उतरवला हुता."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. जळलेल्या खणाची राख काय साक्ष देणार? इन्स्पेक्टरांनी केरबाकडे पाहिलं. "म्हणजे वारा मोकळा होता आणि तू उगाच पट्टी बांधलीस?" तुरुंग केरबाला समोर दिसत होता, आणि यात थोडा दोष आपलाच आहे असं त्याला वाटत होतं.

तेव्हा मागून मनुबाई उठली. "खण हुता सायेब. माझ्या आयनं ह्यास्नी इचारलं हुतं, काढू का म्हनून. मी दारातच हुते."

"मग?"

"हे नको म्हनलं."

इन्स्पेक्टरांनी ते लिहून घेतलं. आप्पासोचं तोंड उतरलं. खण होता हे कागदावर आलं आणि केरबा तुरुंगापासून वाचला. पण मनुबाई खाली बसली नव्हती. रागाने नव्हे, उत्तर हवं म्हणून ती त्याच्याकडे बघत होती.

"का नको म्हनला?"

केरबा म्हणाला, "तुज्या आयला बोल लागला असता."

मनुबाईने पदराने तोंड पुसलं.

"लागू द्याचा हुता की," ती म्हणाली.