नकाशात नसलेलं दार

वेंडेलकाकांनी हातगाडीवरचं गोणपाट ओढलं आणि पत्र्यावर थाप मारली. सोल्नोकच्या रेल्वे शेडमध्ये तो आवाज घुमला.

"घ्या! तीस वर्षं माझ्या हंसांच्या डोक्यावर छप्पर म्हणून होता हा. बाकी हंस थंडीत मरतात. माझे इंजिनाच्या उबेत वाढले."

"इंजीन विझलेलं असताना?" रंगारी फेरेन्स शिडीवरून ओरडला.

"गड्या, ही बाई विझली तरी गरम असते!"

समोर रुळांवर ती उभी होती, जुनं वाफेचं इंजीन. वाऱ्याला चकवायला नाकापासून चाकांपर्यंत निळं कवच ल्यालेली, तळ्यातून वर आलेल्या माशासारखी गुळगुळीत. युद्धात तिचं कवच उतरवून टाकलं होतं. आता संग्रहालयासाठी ते पुन्हा चढत होतं. उजव्या बाजूचा एकच पत्रा उरला होता. जुना मिळाला तर जुना, नाहीतर नवा.

इंजिनियर एतेल्काबाईंनी नकाशा पत्र्याशेजारी पसरला. बाक जुळला, लांबी जुळली. मग त्यांचं बोट पत्र्यातल्या एका वीतभर दारावर थांबलं.

"काका, हे दार नकाशात नाही."

"कसं असेल? आम्ही इंजीन चालवणाऱ्यांनी कापलं ते."

"कशाला?"

काकांनी उजवा हात उलटा करून दाखवला. "दर थांब्यावर चाकाच्या बेअरिंगला असा मागच्या बाजूनं हात लावायचा. ताप कळतो. कारखान्यानं तिला इतकं छान झाकलं, की हात घालायला जागाच ठेवली नाही. सुंदर बाईचं दुखणं कुणी विचारायचंच नाही का?"

"साहेबांनी चालू दिलं?"

"साहेबांना दिसलं तर ना! थांब्यावर मी त्यांना टोपी काढून नमस्कार करायचो, बरोबर दारासमोर उभा राहून. सारं स्टेशन मला सभ्य म्हणायचं."

फेरेन्स खो खो हसला. एतेल्काबाई हसल्या नाहीत.

"तुमच्या गोष्टी मी ऐकल्यात काका. तिच्या नाकावर बसलेली माशी घसरून पडायची म्हणे. हे दार हंसांच्या वाऱ्यासाठी नंतर कापलं नाही कशावरून? तसं असेल तर मला नवा पत्रा घ्यावा लागेल. हा भंगारात जाईल."

काकांनी दाराची बिजागरी चाचपली.

"बिजागरी पुढच्या अंगाला आहे," ते हळूच म्हणाले. "कडी लावायची राहिली, तर वाराच दार मिटवतो. हंसांना कुठला असला वारा? आधी आम्ही ती मागं लावली होती. मूर्खपणा. पहिल्याच दिवशी भरधाव गाडीत दार उपटून गेलं, थेट जेवायला बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या सूपात."

"सूपात," फेरेन्स म्हणाला.

"वाडग्यासकट."

एतेल्काबाई खाली वाकल्या. दाराच्या मागच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग खिशातली पट्टी काढून जुना रंग खरवडला. त्याखाली आधीच्या बिजागरीची, शिशानं बुजवलेली रिव्हेटची चार भोकं होती.

त्या तिथेच खाली बसल्या. मग नकाशा मांडीवर घेऊन त्यांनी पेन्सिलीनं त्यातल्या पत्र्यावर एक लहानसा चौकोन काढला, बिजागरी पुढच्या अंगाला.

"फेरेन्स, उतरा. हा पत्रा चढवायचाय."

काका गोणपाटाची घडी घालत होते. ती त्यांना नीट जमत नव्हती.

"काका," नकाशातून डोकं वर न काढता एतेल्काबाईंनी विचारलं, "सूप कसलं होतं?"