आधी झाड काढा

ठेकेदार मंडळी तिला मागून ‘झाडवाली’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. तिच्या एकाही इमारतीपायी झाड गेलेलं नव्हतं. आर्किटेक्ट म्हणून नाव झालं ते त्यावरच. कोऱ्या कागदावर आधी जागेवरची झाडं उतरायची, भिंती मागाहून त्यांना वाट देत यायच्या.

थोरल्या बहिणीच्या दवाखान्याचंही तसंच व्हायचं होतं. ताईने तो प्लॉट घेतलाच मुळी कोपऱ्यातल्या डेरेदार झाडासाठी. पेशंट सावलीत बसतील, एवढंच तिचं मागणं.

सकाळी घाईत धाकटीने नकाशे आखणाऱ्या ड्राफ्ट्समनसाठी फोनवर निरोप बोलून पाठवला, “आधी कोपऱ्यातलं झाड काढा, मग भिंतींचं बघू.” दुपारी ड्राफ्ट्समननेच विचारलं, आज काम काय? निरोप त्याला मिळालाच नव्हता. तो गेला होता साइटच्या ग्रुपवर. खाली ठेकेदाराचं उत्तर होतं: माणूस बोलावलाय, आजच काढतो.

ती तशीच साइटकडे निघाली. टॅक्सीत बसल्यापासून ती ठेकेदाराला फोन लावत होती आणि तो सतत बिझी लागत होता. मध्येच ताईचा फोन आला. तो तिने कापला. काय सांगणार होती?

टॅक्सीतून उतरली तेव्हा करवतीचा आवाज चालू होता. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो थांबला.

झाड उभं होतं. रस्त्याकडच्या सगळ्या फांद्या मात्र जमिनीवर. ठेकेदार फोन कानाला लावूनच पुढे आला.

“बाई, कधीचा लावतोय! तुमचा आपला बिझी.”

“मी तुम्हालाच लावत होते.”

तो ओशाळला. झाडवाली आणि झाड काढायला सांगते, हे त्याला पटत नव्हतं म्हणे. म्हणून फांद्यांपासून सुरुवात केली, खोडाला लागण्याआधी विचारावं म्हटलं. तिला त्याच्यावर ओरडता येईना. शब्द तिचाच होता.

रस्त्याकडची सावली गेली होती. पेशंटची बाकं आता मागच्या अंगाला न्यावी लागणार, म्हणजे दरवाजाही फिरवायचा. आणि हे ताईला स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ती पडलेल्या फांदीवर बसली आणि पिशवीतून कागद काढला.

“आता काय करताय?” ठेकेदाराने विचारलं.

“उरलंय तेवढं झाड काढते.”

करवतवाला उठला.

“बस खाली,” ठेकेदार म्हणाला. “कागदावर काढतायत.”