आबांच्या कॉलसाइनवर

तिने माइकचं बटण दाबलं, तोच आबांनी तिच्या मनगटावर बोट ठेवलं. तिने बटण सोडलं. आधी ऐकायचं, मग बोलायचं. सेटमधून नुसती खरखर येत होती, मधे कुणी बोलत नव्हतं. खात्री पटल्यावर आबांनी बोट उचललं आणि तिने सासऱ्यांचं कॉलसाइन, परवान्यावरचं ओळखनाव, एकेक अक्षर सुटं करून उच्चारलं. शेवटची तीन अक्षरं के, पी, झेड, रेडिओच्या भाषेत किलो, पापा, झुलू. त्या शेवटच्या अक्षरावरून गल्लीतली पोरं आबांना झुलूआजोबा म्हणायची, आणि आबांना ते मनातून आवडायचं.

"मी दुसरी ऑपरेटर बोलतेय," ती पुढे म्हणाली. "लायसन्सधारक शेजारी बसलेत. घाटाखालचं कंट्रोल, ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. पलीकडचा आवाज थकलेला होता, पण स्पष्ट होता.

सकाळच्या वादळाने विजेचे खांब आडवे केले होते. मोबाइलचा टॉवर मुका झाला होता, आणि घाटात दरड कोसळून गावाचा एकुलता एक रस्ता बंद पडला होता. गावाबाहेर बोलू शकेल असं एकच यंत्र उरलं होतं, आबांच्या खोलीतला हा हॅम रेडिओचा सेट. तो वापरायचा परवाना गावात एकाच माणसाकडे होता, आणि त्या माणसाला आवाज नव्हता. घशाचं मोठं ऑपरेशन झाल्यापासून आबा गळ्यात बसवलेल्या नळीतून श्वास घ्यायचे. ओठ हलायचे, शब्द उमटायचे नाहीत. नळी साफ करता करता सुनेला ते ओठ वाचता यायला लागले. घरात दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही.

सेटचं शिक्षणही तिने त्या ओठांवरूनच घेतलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आल्यावर आबांसमोर बसायचं. परीक्षा ती पास झाली होती. तिचं स्वतःचं कॉलसाइन मात्र अजून यायचं होतं, आणि तोवर तिला एकटीने एक शब्दही हवेत सोडायची मुभा नव्हती. लायसन्सधारक शेजारी असेल, त्याचं सेटवर लक्ष असेल, तरच त्याच्या कॉलसाइनवर तिला बोलता येणार. कुणाच्या जिवावर बेतलं तर वाटेल त्याने मदत मागावी अशी सवलत नियमांत होती. पण मी इथे धडधाकट बसलेलो असताना सवलत कशाला, असं आबांचं म्हणणं. कॉलसाइन नसलेला आवाज म्हणजे बिननंबरची गाडी, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पहिल्याच धड्याला त्यांनी ते इतक्यांदा ओठांनी म्हणून दाखवलं की तिला शेवटी हसू आलं होतं.

हे सगळे नियम ती रोज जेवताना नवऱ्याला ऐकवायची. आबा सेटसमोर नसले की मी गप्प, असं पुन्हा पुन्हा सांगायची. एकदा तो म्हणाला होता, "लग्नातसुद्धा एवढ्या अटी नव्हत्या."

आज तो सकाळीच आपली छोटी बस घेऊन घाट उतरायला निघाला होता. गाडीत माणसं होती. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात दरड आली.

दवाखान्यातला कंपाउंडर धावत येऊन निरोप देऊन जायचा आणि ती तो तसाच्या तसा खाली पोचवायची. दवाखान्यात एक बाई बाळंतपणात अडली होती. रक्तस्राव थांबत नव्हता. रक्त हवं होतं, आणि शस्त्रक्रिया करू शकेल असा डॉक्टर हवा होता. रक्तगट सांगताना ती प्रत्येक शब्द दोनदा उच्चारत होती. आबा डोळे मिटून ऐकत होते आणि तिचा वेग वाढला की टेबलावर बोटाने हलकेच ठोकत होते. खालून उत्तर आलं की डॉक्टर आणि रक्त घेऊन पथक जुन्या जंगलवाटेने, लांबचा वळसा घालून निघालं आहे. दरड अजून सरकते आहे, तेव्हा तिच्यावरून कुणीही पायी यायचं नाही, हे गावात सगळ्यांना सांगा.

तिने निरोप मिळाल्याचं कळवलं. कंपाउंडर तो घेऊन पळाला. मग तिने माइक हातातच ठेवून आबांकडे पाहिलं.

"गाडीचं विचारू?"

आबांनी नकारार्थी मान हलवली. आधी दवाखाना, त्यांचे ओठ म्हणाले.

तिला कारण ठाऊक होतं. याच फ्रिक्वेन्सीवर आसपासच्या तीन-चार गावांतली माणसं कान लावून बसली होती आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी वाटेत अडकलं होतं. प्रत्येकाने आपापलं विचारायला सुरुवात केली असती तर त्या बाईचं रक्त त्या गलक्यात हरवलं असतं. ठाऊक होतं, तरी तिचा अंगठा बटणावरून हलेना.

"तो तुमचा मुलगा आहे, आबा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ एकदाच हलले.

म्हणूनच.

तिने माइक टेबलावर ठेवला. तळहाताला घाम आला होता, तो तिने ओढणीला पुसला. सेटशेजारी जमिनीवर गाडीची जुनी बॅटरी होती. तिच्यावर जोडलेल्या मीटरची सुई सकाळपासून इंचाइंचाने खाली येत होती. ती दर वेळी बोलली की सुई दचकल्यासारखी खाली जायची आणि पुरती वर यायची नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा तो आवाज सुरू झाला. आधी तिला वाटलं सेटमधूनच येतोय. मग लक्षात आलं, आबांच्या गळ्यातून येतोय. नळीत कफ दाटला की असाच घरघरता आवाज यायचा, हुक्का ओढल्यासारखा. एरवी ती उठून कफ ओढायचं यंत्र लावायची आणि दोन मिनिटांत काम व्हायचं. आज वीज नव्हती. यंत्र बॅटरीवरही चालायचं, पण बॅटरी एकच होती आणि तीही अर्धमेली. दोन्ही एकदम लावली असती तर दोन्ही बंद पडली असती. हाताने ओढायच्या पंपाचं रबर फाटून पडलं होतं, नवं आणायचं राहिलं होतं.

तिने बॅटरीला लावलेल्या सेटच्या चिमट्यांकडे हात नेला. आबांनी तो बाजूला केला. थांब, अजून येतोय श्वास.

तेवढ्यात कंपाउंडर दारातूनच ओरडून सांगून गेला. पथक दवाखान्यात पोचलं होतं. ऑपरेशन सुरू झालं होतं. तिने ते खाली कळवलं. मग सेटमधला तोच थकलेला आवाज जरा बदलून म्हणाला, "किलो पापा झुलू, दवाखान्याचं काम झालं. आता तुमच्यासाठी निरोप आहे, तुमच्या गाडीबद्दल. सेट चालू ठेवा. एक मिनिट थांबा."

ती जागच्या जागी उभी राहिली. सेटमधून पुन्हा नुसती खरखर यायला लागली, आणि त्या खरखरीत आबांच्या गळ्यातली घरघर एकाएकी थांबली.

तिने वळून पाहिलं. आबांचं तोंड उघडं होतं. छाती वर जायला धडपडत होती आणि जात नव्हती. नखं निळसर दिसायला लागली होती. एक हात त्यांनी सेटकडे केला होता. ऐक. ओठ तेवढं एकच म्हणत होते. ऐक आधी.

तिने बॅटरीवरचे चिमटे उपटले. सेटचा दिवा विझला. यंत्राचे चिमटे लावताना ठिणगी उडाली, बोटाला चटका बसला, आणि पंप घरघरत सुरू झाला. बारीक नळी गळ्यातल्या नळीत घालताना तिचा हात स्थिर होता. आत जाताना ओढायचं नाही, बाहेर येताना अंगठा भोकावर दाबायचा. पहिल्यांदा काही आलं नाही. दुसऱ्यांदाही आलं नाही. आबांची मान मागे पडली. पंपाचा आवाज मंद होत चालला होता. तिसऱ्यांदा नळीतून काहीतरी घट्ट, गाठीसारखं सुटून आलं, आणि त्यापाठोपाठ हवा आत गेली. तो आवाज इतका मोठा होता की ती घाबरून मागे सरली.

आबा श्वास घेत राहिले. तिने त्यांचं तोंड पुसलं, मान उशीवर नीट ठेवली, नखांकडे पाहिलं. रंग परतायला लागला होता.

भानावर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो निरोपाचा. काय म्हणाला?

"थांबा म्हणाला. पुढचं ऐकलं नाही."

तिने चिमटे पुन्हा सेटला लावले. दिवा मिणमिणला, क्षणभर खरखर आली आणि दोन्ही गेलं. मीटरच्या सुईने मान टाकली होती.

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रागावले होते. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांचे ओठ म्हणाले, ऐकायचं होतंस.

"ऐकून मी सांगणार कुणाला होते?" ती म्हणाली. आपला आवाज चढला हे तिच्या लक्षात आलं. आबांशी ती कधी अशी बोलली नव्हती.

कंपाउंडर येऊन सांगून गेला की बाई वाचली, मूलही वाचलं. बॅटरीचं विचारलं तर त्याने हात झाडले. गावात चार्ज असलेल्या होत्या तेवढ्या दवाखान्याच्या दिव्यांना लागल्या होत्या. संध्याकाळी एक सुटली तर आणून देतो म्हणाला. तो गेल्यावर ती सेटसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. चांगला निरोप असला की माणूस लगेच सांगून टाकतो, असं तिच्या मनात येत होतं. थांबा म्हणत नाही. थांबा कधी म्हणतात? शब्द जुळवायचे असतात तेव्हा. तिने तो विचार ढकलला की तो फिरून दुसऱ्या दाराने आत यायचा. आबांचाही डोळा लागला नव्हता. मधेच त्यांनी हात पुढे केला आणि चटका बसलेलं तिचं बोट उलटसुलट करून पाहिलं.

दिवेलागणीच्या सुमाराला पायऱ्यांवर पावलं वाजली. कंपाउंडर बॅटरी घेऊन आला असेल म्हणून ती उठली.

दारात नवरा उभा होता. कंबरेपर्यंत चिखलाने माखलेला. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नव्हता. तो आत येईना. तिच्याकडे त्याने पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून तो खुर्चीत बसलेल्या आबांकडे पाहत होता, आणि आबाही त्याच्याकडे पाहत होते. मग त्याने चौकट धरली आणि हळूहळू उंबऱ्यावरच बसला.

तिने पाणी आणलं. ते त्याने हातात धरून ठेवलं, प्यायला नाही.

तुटक तुटक त्याने सांगितलं ते असं. दरड गाडीच्या मागे कोसळली होती. गाडीला खरचटलंसुद्धा नाही, सगळे प्रवासी सुखरूप होते. खाली मदतपथकाच्या तंबूत दुपारभर तो कंट्रोलच्या ऑपरेटरमागे बसून होता. तिचा आवाज ऐकत होता. मधे बोलायचं नाही असं त्याला बजावलं होतं, तोही बोलला नाही. दवाखान्याचं काम संपल्यावर ऑपरेटर म्हणाला, आता तूच सांग तिला. त्याच्या हातात माइक दिला. बटण कसं दाबायचं ते दाखवलं.

"मी बोललो," नवरा म्हणाला. "पलीकडे कुणी नव्हतं. ते हाका मारत राहिले तुम्हाला. सेट बिघडला असेल म्हणाले. मला माहीत होतं, बिघडलेला नाही." त्याने पाण्याच्या भांड्यात पाहिलं. "आबा असतील तोवरच तुला बोलता येतं ना."

त्याच्या पायाच्या घोट्याला रक्त सुकलेलं तिला दिसलं. जंगलवाटेने इतक्या लवकर कुणी येऊ शकत नाही, हे तिला आता सुचलं.

"दरडीवरून आलास?"

"तिथे सगळे थांब म्हणत होते," तो म्हणाला. "दोघांनी धरूनही ठेवलं. मी म्हटलं, घरात ती एकटी आहे."

एवढं बोलून तो पाणी प्यायला. घटाघटा, एका दमात.

आबांचे ओठ हलले. दिवा अजून लावलेला नव्हता, खोलीत अंधारून आलं होतं, तरी तिला ते नीट वाचता आले. म्हणजे माझ्यासाठी नाही आला. त्यावर ते हसत होते की नाही, हे मात्र त्या उजेडात तिला कळलं नाही.

"काय म्हणाले?" नवऱ्याने मान वर करून विचारलं.

दिवसभर तिने आबांचा शब्दन् शब्द जसाच्या तसा पोचवला होता.

"चहा टाक म्हणतायत," ती म्हणाली आणि उठली.

आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे वळून त्यांनी मान डोलावली.