अंगठा उमटलेली काच

मी दिव्याची काच बोलतेय. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या एका फ्लॅटमध्ये देवीपुढच्या नंदादीपाला कवेत घेऊन उभी असते. भट्टीच्या आगीत जन्मले, म्हणून की काय, ज्योतीची धग मला आईच्या कुशीसारखी वाटते.

या घरच्या शशिकलाबाई मला रोज मऊ फडक्याने पुसतात. मकरंदरावांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी संकल्प केला, यजमान सुखरूप घरी येईपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही.

काल पहाटे तो विझला.

"माझ्याच सेवेत काहीतरी उणं राहिलं," म्हणत बाई मटकन बसल्या. "आता ऑपरेशन पार पडेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही." चेन्नईचा हा उकाडा! माझा जीव नुसता तडफडत होता. मला सगळं ठाऊक होतं, पण काचेला वाचा कुठली?

डोळे पुसून त्यांनी फडकं उचललं, तोच त्यांची लेक ऊर्मी ओरडली, "आई, पुसू नकोस! ठसे जातील!"

शाळेत हरिप्रिया मिस ऊर्मीच्या वर्गाला खोटी खोटी चोरी रचून तपास शिकवतात. तिने रंगाच्या ब्रशने माझ्यावर हळद भुरभुरवली. मला गुदगुल्या झाल्या, भीतीही वाटली. तेलकट बोटांची वळणं पिवळी होऊन उमटली. अंगठ्यावर एक आडवी रेघ होती, जुन्या जखमेची.

मग ती अंगठ्याचा ठसा घ्यायला काजळाची डबी घेऊन आजोबांकडे गेली.

"अय्यो, आता मला पोलिसात देतेस की काय?" पुरुषोत्तमआजोबा हसले. पण त्यांनी हात धोतरात लपवला. रेल्वे वर्कशॉपमध्ये कापलेला तोच अंगठा.

ऊर्मीने डबी मिटून खाली ठेवली. तेव्हा आजोबांनाच राहवलं नाही.

"सूनबाई, मीच गं. ज्योत बारीक वाटली. मकरंदसाठी वात पुढे सारायला काच उचलली, हात थरथरला, वात तेलात बुडाली. सांगायचा धीर झाला नाही."

शशिकलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे देवी रुसली नाही, अप्पा. हा दिवा तुम्हीही जपत होतात." त्यांनी सासऱ्यांचा हात धरला, दोघांनी मिळून वात पेटवली. ऊर्मीने आईला पाण्याचा पेला दिला. तो त्या प्यायल्या.

आज ऑपरेशन आहे. सगळे दवाखान्यात गेलेत, शेजारच्या कनकाअम्मा तेल बघून जातात. फोन वाजला की माझ्या आत ज्योत हलते. आजोबांच्या अंगठ्याच्या ठशाची सावली देवीच्या पायांवर पडली आहे.

बाई, मकरंदराव उंबऱ्यात येईपर्यंत मला पुसू नका.