बाहेर थांबणाऱ्यांचा चहा

प्रबोधने बॉयलरची तोटी पुसली, झाकण पुसलं आणि फडकं घडी करून तोटी पुन्हा पुसायला घेतली. सकाळपासून तिला कुणी हातही लावला नव्हता.

“झिजेल ती,” संजीवनी आतून म्हणाली. भिजलेल्या साबुदाण्यात ती दाण्याचं कूट कालवत होती आणि तिची पाठ त्याच्याकडे होती.

“डाग होता.”

“नव्हता.”

प्रबोधने फडकं खांद्यावर टाकलं आणि रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या देवळाकडे पाहिलं. रणरणतं ऊन, कातरलेली हिरवळ, कारंजं आणि एक चिटपाखरू नाही. आज संध्याकाळी घरमालक कोह येणार होता. शेजारच्याच गाळ्यात त्याचं फोटोंच्या चौकटी करून देण्याचं दुकान होतं. गाळ्याचा करार पुढे चालू ठेवायचा की दुकान बंद करायचं, हे त्याला आज सांगायचं होतं. आणि त्याच्याआधी प्रबोधला बायकोला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून तोटीवर ही सगळी मेहनत चालली होती.

हा गाळा निवडला होता त्यानेच. संजीवनी कितीतरी वर्षं क्लेमेंटीच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी पुऱ्या करायची. प्रबोध बँकेतून निवृत्त झाला तेव्हा, आता आपलं एक छोटंसं चहा-फराळाचं दुकान काढू या, असं तीच म्हणाली. बिशानला एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनजवळ एक गाळाही तिने पाहून ठेवला होता. शाळा सुटल्यावर मुलं येतील, त्यांना आणायला आया येतील, असा तिचा साधा हिशेब होता. पण प्रबोधचा सगळा जन्म लोकांच्या धंद्याला कर्ज द्यावं की नाही हे ठरवण्यात गेलेला. साध्या हिशेबावर त्याचा विश्वास बसेना. त्यातच मॉर्मन पंथाचं नवं देऊळ या रस्त्यावर होतंय असं त्याला कळलं आणि गड्याचं विमान उडालं.

प्रबोध मूळचा नरसोबाच्या वाडीचा. देऊळ गावाला कसं पोसतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पेढेवाले, बासुंदीवाले, नारळवाले, हारवाले, भाविकांना उतरायला खोल्या देणारे, सगळे दत्ताच्या जिवावर खाऊन-पिऊन सुखी. “देव कुठलाही असो,” तो संजीवनीला म्हणाला होता, “दर्शनाहून परतलेल्या माणसाला चहा लागतोच.” इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याने चार लोकांना हा सिद्धांत ऐकवला होता. कोहलाही ऐकवला होता. त्यावर कोहने खूश होऊन मान डोलावली आणि भाडं वाढवलं.

देऊळ बांधून झालं तेव्हा सुरुवातीचे काही दिवस ते सगळ्यांना आतून बघायला खुलं होतं. तेव्हा रस्त्यावर रीघ लागली आणि बॉयलरला उसंत मिळाली नाही. प्रबोध मनातले मांडे भाजून खात होता. मग देऊळ विधिपूर्वक देवाला अर्पण झालं, दारं मिटली, आणि हळूहळू खरा प्रकार कळू लागला. आत फक्त त्या पंथाच्या नियमात बसणाऱ्यांना प्रवेश. ते शांतपणे यायचे आणि शांतपणे घरी जायचे. फूल नाही, नारळ नाही, प्रसाद नाही. रविवारी गर्दी होईल म्हणून प्रबोधने दुप्पट दूध मागवलं, तर रविवारी देऊळच बंद. शेवटी एकदा छातीवर नावाची पट्टी लावलेला एक गोरा, गोड मुलगा दुकानात आला. त्याने कोमट पाणी मागितलं आणि प्रबोधने आग्रह केल्यावर अगदी अदबीने सांगितलं, “आम्ही चहा घेत नाही, सर. कॉफीही नाही. आमच्या धर्मात नाही.”

ही ती गोष्ट. दोन महिने झाले, प्रबोधने ती मूठ झाकून ठेवली होती. जवळच्या विद्यापीठातली पोरं वडे खायला यायची, पण तेवढ्याने दुकान चालत नाही. नवीन आहे, जम बसेल, असं तो रोज म्हणायचा आणि उरलेले वडे स्वतः खायचा. संजीवनी नुसती “हं” म्हणायची. त्या “हं”ची त्याला भीती वाटायला लागली होती. बिशानचा गाळा केव्हाच दुसऱ्या कुणी घेतला होता.

“संजू,” तो म्हणाला, “जरा बाहेर ये. बोलायचंय.”

“आले. हात धुते.”

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. साठीची, चिनी, अंगात गर्द लाल रेशमी पोशाख, केस बसवलेले, पायात नवे बूट. ते चावत असणार, कारण ती एका पायावर भार देऊन उभी होती. हातात कापडी पिशवी. प्रबोधने तिला रस्ता ओलांडून देवळाकडून येताना पाहिलं होतं, आणि तो आता अनुभवाने शहाणा झाला होता.

“लिंबाचं सरबत आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. “कोकम आहे. तेही थंडगार.”

“चहा नाही?” बाईने विचारलं.

प्रबोध गडबडला. “आहे. चहाच आहे. पण तुम्ही तिकडून...”

“तिकडची मी नाही. माझी मुलगी तिकडची.” ती खुर्चीत बसली, टेबलाखाली तिने बूट काढले आणि पाय जमिनीवर टेकवले. “तिचं लग्न चाललंय आत. मला जाता येत नाही.”

ती हे अगदी बसची वेळ सांगावी तसं म्हणाली. संजीवनी हात पुसत बाहेर आली होती. तिने बाईसमोर पाण्याचा पेला ठेवला आणि विचारता विचारता समोरची खुर्ची ओढून बसली.

“किती वेळ लागेल म्हणाले?”

“तासभर. रजिस्टर लग्न गुरुवारी झालं, तेव्हा मी होते, सहीसुद्धा केली. पण ग्रेस म्हणते, मा, खरं लग्न आजचं. मग मी येणारच ना.” तिने पाण्याचा घोट घेतला. “आत बसायला खोली आहे हं. छान आहे, एसी आहे. माणसंही चांगली, दोनदा विचारलं काही हवं का. पण तिथं बसलं की समोर ते दार दिसतं. सारखं दारच बघत बसायचं, मला नाही जमलं. मग गेटवरची बाई म्हणाली, समोर त्या इंडियन आंटीकडे जा. जे बाहेर थांबतात त्यांना ती बसवून घेते.”

प्रबोधने बायकोकडे पाहिलं. बायको टेबलावरचा न सांडलेला साबुदाणा बोटाने गोळा करत होती.

“ग्रेसचे बाबा?” तिने विचारलं.

“वुडलँड्सला, घरी. टीव्ही बघतोय.” बाई जराशी हसली. “म्हणाला, जिथं मला दाराशी थांबवतात तिथं मी जात नाही. हट्टी आहे. काल मात्र त्यानेच ह्या पिशवीत सगळं भरून दिलं.”

तिने पिशवीतून लाल रंगाची, सोनेरी अक्षरांची छोटी किटली आणि झाकणाचे कप काढले. मग तिने सांगितलं. त्यांच्यात लग्नाच्या दिवशी मुलीने आणि जावयाने दोन्ही हातांनी आई-वडिलांना चहा द्यायचा असतो. तो प्यायल्याशिवाय आई-वडिलांनी लग्न मानलं असं होत नाही. पोरीला विचारायचा धीर झाला नव्हता. तिच्या धर्मात चहा नाही, मग देवळातून निघाल्या निघाल्या तिला चहाला कसं हात लावायला सांगायचं? आणि संध्याकाळी हॉलमध्ये तिकडचीच सगळी मंडळी. किटली तशीच परत न्यावी लागेल हे ठाऊक असून ती घेऊन आली होती.

“प्यायचा तुम्ही,” संजीवनी म्हणाली. “तिने फक्त द्यायचा.”

बाईने किटली हळूच तिच्याकडे सरकवली.

“दूध घालू?”

“नको. साधा. पण गोड कर. गोडच लागतो.”

“आमच्यातही गोडच लागतं,” संजीवनी म्हणाली आणि उठली. “अहो, तुम्ही तिकडे जा. ती दोघं बाहेर आली की आधी इकडे घेऊन या. लग्नाच्या फोटोवाल्याला म्हणावं, थांब जरा.”

प्रबोध गेला. या देवळाच्या फाटकाशी तो याआधी पुष्कळदा उभा राहिला होता, पण ते माणसं मोजायला. आज पहिल्यांदाच तो कुणाची तरी वाट बघत होता. खांद्यावरचं फडकं काढायचं राहिलं आहे हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, मग त्याने ते खिशात कोंबलं. पांढऱ्या पोशाखातली मुलगी नवऱ्याचा हात धरून बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे फोटोवाल्याला सोडून दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होते.

“तुमची आई समोर आहे,” तो म्हणाला. “चहाला बसलीय. किटली आणलीय तिने.”

मुलीच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते प्रबोधला नीट सांगता आलं नसतं. तिने झगा दोन्ही हातांनी वर उचलला आणि सिग्नलची वाट न बघता रस्ता ओलांडला. नवरा आणि फोटोवाला मागे धावले. त्यांच्या मागे प्रबोध, हात वर करून गाड्या थांबवत.

दुकानात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एकीत आई बसली होती, पायांत पुन्हा बूट घालून, ताठ. मुलगी आणि जावई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. बसण्याआधी संजीवनीने जमिनीवर आपली धुतलेली ओढणी अंथरली, नाहीतर त्या पांढऱ्या झग्याची धडगत नव्हती. मुलीने दोन्ही हातांनी कप पुढे केला.

“मा, चहा घे.”

आईने घेतला. एका दमात प्यायली, भाजत असूनही. मग तिने मुलीच्या गळ्यात साखळी घातली आणि जावयाच्या हातात लाल पाकीट दिलं. मुलगी चहा प्यायली नाही, कुणी तिला म्हणालंही नाही. तिने दुसरा कप भरला आणि रिकाम्या खुर्चीसमोर धरला. प्रबोधला एकदम वाटलं, आपण जाऊन त्या खुर्चीत बसावं. पण ती जागा त्याची नव्हती.

आईने हळूच तो कप मुलीच्या हातातून घेतला आणि संजीवनीकडे वळली.

“आंटी, हा तापाव करता येईल का? घरी न्यायला बांधून?”

संजीवनीने तो चहा प्लास्टिकच्या पिशवीत ओतला, तोंडाशी लाल दोरी बांधून फास केला आणि पिशवी मुलीच्या बोटात अडकवली.

“थंड होईल वुडलँड्सला जाईपर्यंत,” जावई भीत भीत म्हणाला.

“होऊ दे,” आई म्हणाली. “पिईल तो. मी बघते कसा पीत नाही.”

मुलगी हसता हसता रडली आणि फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला.

ती मंडळी गेली. ओढणी झटकून संजीवनीने खुर्चीच्या पाठीवर टाकली. दुकानात पुन्हा दोघंच उरली.

“ही माणसं चहा पीत नाहीत,” प्रबोध म्हणाला. “मला दोन महिने माहीत आहे. तुला सांगितलं नाही.”

“मला माहीत आहे.”

“काय? ते पीत नाहीत हे, की मी सांगितलं नाही हे?”

“दोन्ही.” किटली ठेवली होती ते टेबल तिने पुसलं. “ते देऊळ बघायला गेलो होतो ना आपण? तुम्ही त्या मुलीला विचारत होतात, रोज माणसं किती येतील. मी तिला विचारलं, लग्नात ज्यांना आत सोडत नाहीत त्या आया कुठे बसतात. तिला सांगता येईना. मग मीच गेटवरच्या बाईंना म्हटलं, माझ्याकडे पाठवा.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही रोज दाढी करून, बॉयलर पुसून इतक्या उमेदीने उभे राहायचात. म्हटलं, कशाला.”

बँकेत प्रबोधने एवढी माणसं तपासली होती आणि घरातलं एक त्याला कळलं नव्हतं. याची लाज वाटावी की आनंद व्हावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी आनंदच झाला.

“लग्नं काय रोज असतात?” तो म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

“नसतात. पण वडे रोज असतात. आणि तुम्ही ते खाणं बंद केलंत तर उरतील तरी विकायला.”

कोह ठरल्याप्रमाणे आला आणि दारातच उभा राहिला. “सो हाउ? चालू की बंद?”

प्रबोधने नेहमीसारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. “तिला विचार,” तो म्हणाला. “दुकान तिचं आहे.”

“चालू,” संजीवनी म्हणाली. “पण भाडं वाढवायचं नाही. आणि बाहेर पडवीत एक बाक ठेवू द्यायचं. देवळाकडे पाठ करून.”

“पाठ करून?” कोहने वळून समोरचं कारंजं आणि हिरवळ पाहिली. “एवढा व्ह्यू आहे लाह आंटी, लोक ह्याचे पैसे देतात. कोण बसणार पाठ करून?”

प्रबोध पडवीत गेला, भिंतीशी उभा राहिला, दोन्ही हात पसरून त्याने जागेचा अंदाज घेतला.

“एक नाही, दोन बाकं लागतील,” तो म्हणाला. “कधी कधी वडीलही येतील.”