फुगायला जागा

…कोपरा दाबला की दुसरा कोपरा वर येत होता. खिडकीच्या फळीवर उताणा ठेवलेला फोन आज सपाट बसायला तयार नव्हता. स्वरूपानं तो उलटा केला. पाठीचं झाकण एका कडेनं सुटलं होतं आणि फटीतून काहीतरी चंदेरी, गच्च, फुगून बाहेर डोकावत होतं – तापलेलं. तिनं घाईनं चार्जरची पिन ओढली. बाजूचं बटण दाबून पाहिलं, बराच वेळ दाबून धरलं. काच काळीच राहिली.

हे कधीतरी होणार, हे तिला ठाऊक होतं. पण असं नाही. फुगायला नको होतं. नुसतं मरायला हवं होतं, सावकाश, कुणाला कळणार नाही असं.

"भरला काय गं?" पलंगावरून बायाक्कानं, तिच्या सासूनं, हात पुढं केला.

"भरलाय, आत्ती."

आणि तिनं तो फोन, तसाच, त्या सुरकुतलेल्या हातात ठेवला. का ठेवला? … बोलायला तोंड उघडेपर्यंत म्हातारीनं तो उशीखाली सरकवलाही होता, नेहमीसारखा, आणि पुढच्या खोलीत नवऱ्यानं, महादेवानं, यंत्रमाग सुरू केले होते. मागांच्या त्या खटखटाटात या घरात कुणाला काही सांगायचं असेल तर ओरडावं लागे, आणि 'तुमच्या उशीखाली विस्तव आहे' हे ओरडून कसं सांगायचं? पिशवी घेऊन ती बाहेर पडली. वडगावच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग वाजत होते.

पूर्वी बायाक्काही मागांसाठी दिवसभर सुताच्या कांड्या भरायची. गुडघे गेले, पलंग आला, आणि पलंगाबरोबर महादेवाचा जुना फोन आला. दुपारी लाईट गेली की माग थांबत, घर एकदम मुकं होई, आणि त्या मुकेपणात बायाक्का लोंढ्याला दिलेल्या लेकीला, पूर्णिमाला, फोन लावी. मग स्वरूपाचा दिवस सगळा लोंढ्याला जाई – आमटी पाणचट, निपाणीहून भाऊ आलता तर हसण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत, केस धुवायला अर्धी घागर पाणी. त्याचं तिला काही वाटत नसे, सासवा बोलतातच. पण पोटातलं पोर गेलं त्या दिवशी, दवाखान्यातून आणून तिला मधल्या खोलीत निजवलं होतं, कूस अजून ठणकत होती, आणि भिंतीपलीकडून तोच आवाज, तितकाच निवांत: "पोरगी होती म्हनं. सातव्या महिन्यात. धरून ठेवता आलं न्हाय तिला."

धरून ठेवता आलं नाही… जणू हातातली कळशी निसटली.

त्यानंतर दर जूनमध्ये बायाक्का लोंढ्याला सांगू लागली: आता चालली असती. आता अंगणवाडीत असती. आता पाटी-दप्तर आणावं लागलं असतं. आवाजात दुःख नसायचं. दुसऱ्याच्या अंगावर डाग कुठं आहे ते बोटानं दाखवावं, तसं ते असायचं. स्वरूपा दाराआड उभी राहून ऐके, शेवटपर्यंत.

मग एकदा स्वतःच्या फोनची काच बदलायला ती शहापुरात आदर्शच्या दुकानी गेली होती. तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाला सांगत होता, हसत हसत, की बॅटरीला मारायची असली तर दोनच गोष्टी करायच्या: कायम काठोकाठ भरलेली ठेवायची आणि तापवायची. ऐंशीवर थांबवली तर वर्षानुवर्षं टिकते. पण मग दिवस पुरत नाही, आणि कंपनीला खोक्यावर 'दिवसभर चालतो' असं लिहायचं असतं. "एक दिवस मोठा पायजे का आयुष्य मोठं पायजे, सांगा. दोन्ही न्हाय मिळत." गिऱ्हाईक हसलं होतं. स्वरूपा हसली नव्हती. तिच्या डोक्यात तेव्हाच खिडकीची फळी आली होती – मागच्या खोलीतली, पत्र्याखालची, जिथं सकाळी चढलेलं ऊन दुपार उलटेपर्यंत हलत नाही.

तेव्हापासून सासूचा फोन चार्ज करणं हे सुनेचं काम झालं. रोज सकाळी त्या फळीवर, कापडात गुंडाळून – धूळ बसू नये म्हणून. भरला तरी पिन तशीच. मी काय केलं? मी फक्त चार्जिंगला लावला. पूर्णिमा दसऱ्याला आली तेव्हा तिनं शेजारणीला सांगितलं, वहिनी आईचा फोनसुद्धा बघती हो. महादेवाला बायकोचं कौतुक वाटलं.

आधी फोन संध्याकाळी बसू लागला, मग दुपारी. मग आकडा चाळीस दाखवायचा आणि बोलता बोलता काच काळी व्हायची, वाक्य मधेच तुटायचं. मग तो मंद झाला. बायाक्का लेकीच्या नावावर बोट ठेवून वाट बघत बसे, काही होत नाही म्हणून पुन्हा दाबे, तर भलत्यालाच लागे आणि तिकडून कुणीतरी कन्नडमध्ये खेकसे. स्वरूपा भांडी घासता घासता ते ऐके. त्या दिवसांत तिला झोप चांगली लागत होती.

आदर्शला तिनं आज 'शेजारच्या आजीचा फोन' असं सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलं. आत गॅस धरलाय, म्हणाला. दाबायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही, आजच्या आज आणा, तासाभराचं काम आहे, नवी बॅटरी टाकून देतो. फुगायला आत जागाच ठेवत नाहीत, ताई. जागा ठेवली तर फोन जाड होतो, आणि जाड फोन कोण घेतंय? म्हणून सगळं डिंकानं चिकटवून गच्च. मग जागा मिळंल तिकडून बाहेर येतंय.

"उन्हात ठेवून चार्ज करतात काय त्या?"

"माहीत नाही," स्वरूपा म्हणाली.

"उशाशी तर अजिबात नको. पेट घेतंय."

परतताना ती आधी चालत होती, मग भरभर चालत होती, मग तिच्या लक्षात आलं की आपण रेंगाळतोय – एका साडीच्या दुकानापुढं उभं राहून काठाचा रंग बघतोय, आणि डोळ्यांसमोर उशी आहे, कापसाची, आणि तिच्यावर पांढरे विरळ केस. किती सोपं… या विचाराची तिला भीती वाटली नाही, याची वाटली. मग मात्र ती खरंच धावली.

घरात लाईट गेलेली होती. माग थांबले होते, महादेव चहाला कोपऱ्यावर गेला होता. आणि मागच्या खोलीतून आवाज येत होता.

"…आज बाजारात गेलीया. एवढं काय आनायचं असतंय रोज? … व्हय. … व्हय, तसंच की. मागं कुनी न्हाय, म्होरं कुनी न्हाय, हिंडतीया. पोरगी असती तर आता चौथीत असती, पूर्णे. दोन वेण्या घालून गेली असती शाळेला. हिनं काय धरून ठेवली न्हाय…"

मधे मधे ती थांबत होती, पलीकडचं ऐकावं तशी, हुंकार देत. स्वरूपा सवयीनं दाराआड थांबली, आणि थांबल्यावर तिला आठवलं – फोन सकाळी सुरूच झाला नव्हता. तिनं फटीतून पाहिलं. बायाक्काच्या कानाला फोन होता. काच काळी होती.

"ये की आत," म्हातारी मान न वळवता म्हणाली.

"आत्ती, तो द्या इकडं. बॅटरी फुगलीय. पेट घेईल."

"घिऊ दे की. तीन उन्हाळं तूच तापवलीस."

स्वरूपाच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"खिडकीतनं ऊन आधी माझ्या पायावर येतंय," बायाक्का शांतपणे म्हणाली, "मग फळीवर. मला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाही कुणाला?"

"कशावरनं बोलू?" ती हसली, दात नसलेलं. मग हसू गेलं. "पूर्णी उचलत न्हाय. दिवाळीपासनं. म्हनाली, आई, रोज तेच तेच, डोकं उठतंय माझं."

"मग हे… कुणाशी?"

"तू दाराआड असतीस की."

तिनं फोन पुढं केला. झटापट झाली असती तर बरं झालं असतं. स्वरूपानं तो कापडात धरून परसात नेला, पत्र्याच्या डब्यात वाळू होती, तिच्यात पुरला आणि डबा भिंतीपासून लांब सरकवला. हात धुतले. पुन्हा धुतले.

लाईट आली, माग सुरू झाले, थांबले. सांजेला महादेव जेवायला बसला तेव्हा आईचा फोन कुठं आहे असं त्यानं विचारलं. बिघडला, तिनं सांगितलं. "जुनाच झालता," तो म्हणाला आणि भाकरी मोडली. त्यानं त्या पोरीचं नाव या घरात कधी काढलं नव्हतं. नाव नव्हतंच म्हणा. तो दवाखान्यातून आला तो थेट मागावर बसला होता, आणि अजून तिथंच बसला होता.

बायाक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. स्वरूपा उंबऱ्यात मेथी निवडत बसली. उद्या नवी बॅटरी टाकून आणता येईल, तासाभराचं काम. पण पलीकडं उचलणार कोण? आणि न आणली तर… तर दुपारी लाईट जाईल आणि काहीच ऐकू येणार नाही. हेच तर हवं होतं. तीन उन्हाळे हेच हवं होतं.

"आत्ती," ती म्हणाली.

भिंतीकडची पाठ हलली नाही. झोपली होती, की झोपेचं सोंग घेऊन तिला शिक्षा करत होती – हे कळायला मार्ग नव्हता. स्वरूपाच्या बोटांनी काडीपासून पानं खुडणं चालू ठेवलं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, तिच्या मनात कुणीतरी निवांतपणे म्हणालं, जूनला पाचवीत जाईल, नवा गणवेश लागंल… आणि तो आवाज तिचा नव्हता. तो बायाक्काचा होता, जसाच्या तसा, आणि तो थांबत नव्हता.